गुरुजींनी मागितलेला वॉकर

एकदा एका सेवामंडळाचा भावी अध्यक्ष एका खिशात वर्षभराची ध्येये आणि दुसऱ्या खिशात राजीनामा घेऊन आपल्या गुरुजींकडे निघाला. कोणता कागद बाहेर काढायचा, हे त्याचे अजून ठरले नव्हते.

या गृहस्थाचे नाव अच्युत. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी त्याचे भांड्यांचे दुकान होते. माणूस सरळ, कष्टाळू आणि शब्दाला जागणारा. रविवारी त्याचा पदग्रहण समारंभ होता आणि त्यात येत्या वर्षाची ध्येये जाहीर करायची होती. ती इतकी झाली होती की नुसती वाचून दाखवीपर्यंत सभागृहातला चहा निवला असता. एवढे सगळे पार कसे पाडायचे, याची त्याला धास्ती वाटे. शब्दाला जागणाऱ्या माणसालाच ही भीती वाटते. ज्याला शब्द पाळायचाच नसतो, तो वाटेल तेवढी ध्येये जाहीर करून स्वस्थपणे जेवायला बसतो.

आता या मंडळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मंडळ जुने होते आणि त्यातले लोक भले होते. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे वॉकर, चाकांची खुर्ची, हवेची गादी, पाठ वर करता येणारी खाट, अशा गरजूंना काही काळ वापरायला द्यायच्या, हे त्यांचे मुख्य कार्य. कार्य उत्तमच होते. परंतु कालांतराने त्यात एक रीत पडून गेली होती. दर जुलैला अध्यक्ष बदले. प्रत्येक अध्यक्ष आपल्या वर्षात नव्या वस्तू घेई आणि त्यांवर आपले नाव व वर्ष रंगवून घेई. वर्ष सरत आले की दिलेल्या वस्तू परत मागवून मोजल्या जात आणि मंडळाच्या कोठीत एका जाळीआड ठेवल्या जात. प्रत्येक वर्षाची जाळी वेगळी, आणि तिचे कुलूप त्या त्या अध्यक्षाचे. जुन्या वर्षाची वस्तू नव्या अध्यक्षाने कोणाला दिली, तर ते सेवाकार्य कोणाच्या वर्षात धरायचे, याचा निर्णय मंडळाला कधीच करता आला नव्हता. म्हणून ती वस्तू कोणी देतच नसे.

हे ऐकून हसू येते, पण हसण्याची घाई करू नका. चार चांगली माणसे एकत्र येऊन चांगले काम करू लागली की अशी कुलपे हळूहळू तयार होतात, आणि ती लावताना कोणाच्याही मनात पाप नसते.

मावळते अध्यक्ष गजाननराव हे वह्या-पुस्तकांचे व्यापारी. त्यांनी आपल्या वर्षात आधीच्या साऱ्या अध्यक्षांना मागे टाकले होते. "अच्युतराव, आता तुम्ही आमच्या पुढे जा," असे ते भर सभेत म्हणाले. ते प्रेमानेच म्हणाले, पण अच्युतला ते ओझेच वाटले. मग एका सदस्याने नेत्रतपासणी सुचवली, दुसऱ्याने झाडे, तिसऱ्याने नदीघाटाची सफाई, चौथ्याने योगवर्ग. नाही म्हणणे अच्युतच्या स्वभावात नव्हते. ध्येये वाढत गेली आणि त्याचे जेवण कमी होत गेले.

गुरुजी गावाच्या टोकाला राहत. अच्युत शाळेत असताना त्यांनी त्याला शिकवले होते. आता ते फार वृद्ध झाले होते, पण गावात काही गुंता झाला की लोक त्यांच्याकडे जात. अच्युत पोचला तेव्हा ते अंगणात टाचा उंचावून उभे होते आणि लांब काठीच्या आकडीने शेवग्याच्या शेंगा पाडत होते.

अच्युतने नमस्कार केला आणि ध्येयांचा कागद पुढे केला.

"गुरुजी, एवढं बघा. आशीर्वाद दिलात तर रविवारी वाचतो. नाही दिलात तर…" त्याने दुसऱ्या खिशाला हात लावला.

गुरुजींनी कागद घेतला, न वाचताच त्याची घडी घातली आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"अच्युता, मला एक वॉकर हवाय."

"वॉकर? कोणासाठी, गुरुजी?"

"मलाच. तुझ्या मंडळाकडून आणून दे. आज संध्याकाळच्या आत हवा. ध्येयांचं आपण त्यानंतर बोलू."

एवढे बोलून ते पुन्हा टाचा उंचावून उभे राहिले आणि त्यांनी आणखी एक शेंग पाडली. अच्युत त्यांच्या पायांकडे पाहत राहिला. वॉकर लागावा असे त्या पायांत काही दिसत नव्हते. पण गुरुजींना उलट प्रश्न विचारण्याची सवय त्याला शाळेपासूनच नव्हती. तो निघाला. मंडळाच्या कोठीत वॉकर खंडीभर आहेत, तासाभरात काम उरकेल, असे त्याला वाटले.

प्रथम तो गजाननरावांच्या दुकानात गेला. गजाननराव थकलेले दिसत होते, डोळे तांबारले होते. विक्रम करणे सोपे नसते, असे अच्युतच्या मनात आले.

"आज कसा देऊ?" गजाननराव म्हणाले. "सगळ्या वस्तू परत आल्यात. रविवारी मोजून जाळीला कुलूप लावायचं. मोजणीआधी एक जरी बाहेर गेली, तर माझ्या वर्षाचा मेळ बसायचा नाही."

"गुरुजींना हवाय हो."

 गजाननराव नजर चुकवून म्हणाले, "माझ्या हातात असतं तर मी काय नाही म्हटलं असतं? पण नियम सगळ्यांना सारखा. आपल्याच माणसांसाठी तो कसा मोडायचा?"

त्यांच्या आधीचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी अच्युतला आदराने बसवले, सरबत दिले आणि सांगितले, "वस्तू माझ्या वर्षाची. तुम्ही ती तुमच्या वर्षात देणार. उद्या कोणी विचारलं, तर उत्तर काय द्यायचं? कार्यकारिणीचा ठराव करून आणा, मी लगेच किल्ली देतो." कार्यकारिणीची बैठक महिन्याने होती.

त्याही आधीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले साहेब. त्यांची हरकत नव्हती, पण किल्ली सापडत नव्हती. साहेबांनी कपाटे उपसली. शेवटी त्यांच्या पत्नीने ती देवघराच्या खणातून काढली आणि अच्युतच्या हातात देत म्हटले, "न्या हो ते सगळं. सारखी विचारतात, किल्ली नीट आहे ना म्हणून." साहेबांनी मात्र एक अट घातली. वॉकर देताना मागे त्यांच्या वर्षाचा फलक धरायचा आणि गुरुजींसह छायाचित्र काढायचे. अच्युतने मान डोलावली. नाही म्हणणे त्याच्या स्वभावात नव्हते, हे मी सांगितलेच आहे.

वॉकर निघाला, पण त्याच्या एका पायाचे रबर गेले होते. तसाच दिला असता तर गुरुजी घसरले असते. अच्युत ते रबर बसवून घ्यायला सायकलच्या दुकानात गेला. तोवर ऊन कलले. त्याचे स्वतःचे दुकान दिवसभर बंद राहिले होते, पाय दुखत होते, आणि एक साधी वस्तू मिळवायला आपल्याला एवढी वणवण करावी लागावी याचा त्याला राग येत होता. वॉकर खांद्यावर टाकून तो जवळच्या वाटेने, म्हणजे शिंपी आळीतून, गुरुजींच्या घराकडे निघाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. एकनाथ शिंप्याचे खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, पण आधाराशिवाय त्याला पाऊल टाकता येईना. त्याची बायको मालनबाई काही आठवड्यांपूर्वी वॉकर मागायला अच्युतच्या दुकानात आली होती. मंडळाचे वर्ष तेव्हा संपत आले होते. अच्युत तिला म्हणाला होता, "वहिनी, थोडं थांबा. माझ्या पदग्रहणाच्या समारंभात पाहुण्यांच्या हस्ते देऊ. नव्या वर्षाची सुरुवात तुमच्यापासूनच." त्याला ही कल्पना फार आवडली होती. ध्येयांच्या कागदात ती अगदी वर होती. मालनबाई आभार मानून गेली, आणि अच्युत पुढच्या ध्येयाकडे वळला.

त्याच मालनबाईने त्याला आळीत येताना पाहिले.

"अच्युतशेठ, आजच आणलात होय?" ती दारातली चपला-भांडी बाजूला सारत म्हणाली. "बरं झालं बाई. मला घोरच लागला होता, रविवारी ह्यांना तिथवर न्यायचं कसं. आळीत रिक्षा शिरत नाही. शेजारच्या दोघांना सांगून ठेवलं होतं, खुर्चीसकट उचलून न्या म्हणून. या ना, आत या."

 हा वॉकर तुमचा नव्हे, हे कसे सांगायचे, हे अच्युत मनाशी जुळवीत होता. तेवढ्यात आतून फरशीवर काहीतरी घासत सरकवल्याचा आवाज आला. एकनाथ एक प्लास्टिकची खुर्ची दोन्ही हातांनी पुढे ढकलत, तिच्यावर भार देत, दाराकडे येत होता. एक ढकल, एक पाऊल. मध्येच खुर्ची फरशीच्या उंचवट्याला अडली, तो पुढे झुकला आणि मालनबाईने धावत जाऊन त्याला धरले. तिच्या धावण्यावरून हे रोजचेच असावे, असे दिसत होते.

"असंच चाललंय," एकनाथ हसून म्हणाला. "परवा पडलो होतो. पण रविवार आलाच की."

अच्युतच्या मनात गुरुजी आले, साहेबांची अट आली, वॉकरवर रंगवलेले वर्ष आले. मग त्याने ते सगळे बाजूला सारले आणि वॉकर एकनाथच्या पुढ्यात ठेवला. खाली वाकून त्याच्या उंचीला बेताचा केला. एकनाथने दोन्ही मुठी आवळल्या, वॉकर उचलला, पुढे टेकला आणि पाऊल टाकले. तसा चालत तो खिडकीशी ठेवलेल्या शिलाई यंत्रापर्यंत गेला. बसला नाही. यंत्रावर तळहात ठेवून नुसता उभा राहिला. मालनबाईने पदर डोळ्यांना लावला. अच्युतला तेथे उभे राहवेना. तो निरोप न घेताच बाहेर पडला.

गुरुजी ओट्यावर बसून शेंगा मोडीत होते. अच्युत रिकाम्या हाताने पुढे येऊन उभा राहिला.

"वॉकर?"

"एकनाथ शिंप्याला दिला, गुरुजी. तुमच्यासाठी म्हणून आणला होता. चूक झाली. उद्या दुसरा बघतो."

"मग पोचला म्हणायचा," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "बैस. मला वॉकर कशाला हवा? मी खोटं बोललो, आणि ते माझ्या माथी राहू दे. खरं बोललो असतो, एकनाथसाठी आणून दे म्हटलं असतं, तर तू काय उत्तर दिलं असतंस?"

अच्युतला उत्तर ठाऊक होते. रविवारी देतोच आहे, असे तो म्हणाला असता, आणि अगदी आनंदाने म्हणाला असता. त्याने मान खाली घातली.

गुरुजी सावकाश बोलू लागले. "सदरा शिवायला टाकायला मी त्याच्याकडे गेलो होतो. तो खुर्ची ढकलत दारापर्यंत आला. ज्याला चालता येत नाही, त्याला चालायचं साधन घ्यायला व्यासपीठावर बोलावलंय, हे त्यानंच मला सांगितलं, आणि तेही कौतुकानं. मी मनाशी म्हटलं, अच्युत माझाच विद्यार्थी आहे, दुष्ट नाही. तो आजवर फक्त देत आलाय, त्यानं कधी काही मागितलेलं नाही. देणाऱ्याला आपलं मंडळ व्यासपीठावरून दिसतं, मागणाऱ्याला ते बंद कुलपाच्या बाहेरून दिसतं. म्हणून आज तुला मागायला लावलं. तू होणारा अध्यक्ष, तरी दिवसभर गाव पालथा घातलास. मग मालनबाईनं किती फिरायचं? तुमच्या कोठीपासून शिंप्याच्या दारापर्यंत केवढं अंतर आहे, ते आज तुझ्या पायांना कळलंय. ते कमी करणं, एवढंच तुझ्या वर्षाचं ध्येय ठेव."

"एवढंच?"

"एवढं वर्षभर जमलं तरी पुष्कळ."

"आणि ही बाकीची?" अच्युतने कागद काढला. "नेत्रतपासणी, घाट, योगवर्ग?"

"ती कोणी मागितलीत?"

अच्युतने कागद उलगडून पुन्हा पाहिला. त्यातले प्रत्येक ध्येय कोणी सुचवले, ते त्याला नावानिशी सांगता आले असते. पण ते कोणी मागितले होते, हे एकाचेही सांगता येईना.

"मग त्यांच्यावाचून आज कोणाचं अडलेलं नाही," गुरुजी म्हणाले. "त्यांना थांबू दे. ज्या दिवशी कोणी मागायला येईल, त्या दिवशी त्यातलं एक हाती घे."

अच्युतला आधी लाज वाटली. एकनाथ पडला तो आपल्या समारंभाची वाट पाहताना पडला, हे त्याला फार लागले. परंतु त्या लाजेच्या मागोमाग इतके मोकळे वाटले, की त्याचे त्यालाच नवल वाटले. किती दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडला होता. गुरुजींनी थोड्या शेंगा त्याच्या हाती दिल्या. त्या दिवशी घरी जाऊन तो आमटीभात पोटभर जेवला, आणि बायकोने देवाला हात जोडले.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात समारंभ झाला. हार झाले, स्वागतगीत झाले. अच्युत बोलायला उभा राहिला तेव्हा सर्वजण सरसावून बसले.

"आपल्या कोठीत जे आहे, ते मागणाऱ्याला त्याच दिवशी मिळेल," तो म्हणाला. "ते कोणत्याही वर्षाचं असो. आणि वर्ष संपलं म्हणून कोणाच्या घरातून काही परत मागवलं जाणार नाही. या वर्षाचं ध्येय एवढंच आहे. त्यासाठी सगळ्या माजी अध्यक्षांकडे मी आज त्यांच्या जाळीची किल्ली मागतो आहे." आणि तो खाली बसला.

 प्रमुख पाहुण्यांनी ध्येयांच्या संख्येवर भाषण बेतून आणले होते, ते पाण्याचा पेला शोधू लागले. वकीलसाहेब उठले. "हे सगळं सेवाकार्य धरायचं कोणाच्या वर्षात?"

"ज्याच्या घरी वस्तू गेली, त्याच्या," अच्युत म्हणाला.

वकीलसाहेब क्षणभर उभे राहिले. यावर युक्तिवाद सुचतो का, ते त्यांनी पाहिले असावे. मग त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक किल्ली सोडवली आणि पुढे जाऊन टेबलावर ठेवली. बँकेचे साहेब मागोमाग आले. त्यांची किल्ली अच्युतकडेच होती, म्हणून त्यांनी नुसता हात मिळवला, आणि छायाचित्राविषयी काही विचारले नाही.

गजाननराव मात्र जागचे हलले नाहीत. अच्युतला वाईट वाटले. त्यांचा विक्रम आता कोणी मोजणार नव्हते. कार्यक्रम संपल्यावर तो स्वतःच त्यांच्याकडे जायला निघाला, तोच गजाननरावांनी त्याला दंडाला धरून जिन्याशी नेले.

"हे आजपासूनच का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

"आजपासून."

"मग मला एक खाट हवी आहे. पाठ वर होणारी." गजाननराव म्हणाले. "आईला आडवं झालं की दम लागतो. मागं लोड रचून बसवतो, पण ते सरकतात. मग मीच तिच्या पाठीशी टेकू होऊन बसतो, उजाडेपर्यंत. दोन महिने झाले."

अच्युत त्यांच्याकडे पाहतच राहिला. "गजाननराव, तशा खाटा तर तुमच्याच जाळीत आहेत. किल्ली तुमच्या खिशात आहे."

"आहे ना. पण अध्यक्षानं मंडळाची खाट आपल्याच घरी नेली, असं झालं असतं. आणि मोजणीला ती माझ्या घरी निघाली असती तर? तुम्ही त्या दिवशी वॉकर मागायला आलात, तेव्हा तुम्हाला नाही म्हटलं. आईलाही रोज तेच म्हणत होतो."

 गळ्यातला हार काढून अच्युतने खुर्चीवर ठेवला. दोघांनी कोठी उघडली, खाट बाहेर काढली, टेम्पोत घातली आणि गजाननरावांच्या माजघरात नेऊन मांडली. म्हातारीला दोघांनी उचलून तिच्यावर ठेवले. गजाननराव पायाशी वाकून दांडा फिरवू लागले, तशी पाठ हळूहळू वर आली.

"बास," म्हातारी म्हणाली. "इथंच राहू दे."

तिचा श्वास संथ होत गेला आणि तिने डोळे मिटले. गजाननराव खाटेशेजारी भिंतीला टेकून जमिनीवर बसले. "अच्युतराव, मी जरा पडू का?" असे त्यांनी विचारले, आणि उत्तर येण्याआधीच ते बसल्या बसल्या गाढ झोपले.

 मंडळाच्या कोठीपासून सर्वांत दूरचे घर किल्ली बाळगणाऱ्याचेच होते, हे अच्युतला तेव्हा समजले. त्याने दार हलक्या हाताने ओढून घेतले. तो सभागृहात पोचला तेव्हा पंगत उठून गेली होती. आचाऱ्याने त्याच्यासाठी थोडा मसालेभात काढून ठेवला होता, तो त्याने उभ्याउभ्याच खाल्ला.